विश्रांतीचा आठवडा वाया जात नाही

अमेरिकेचा सुमारे ४,८०० किलोमीटरचा विस्तार पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. योगायोग असा, की हे चौघेही डॉक्टर. त्यानंतर महाराष्ट्रात हौशी सायकलस्वार वाढले. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करणे हे अनेक नोकरदारांचे स्वप्न झाले. पण मोबाइलवरचा किलोमीटरचा आकडा दर आठवड्याला वाढलाच पाहिजे, हा हट्टही त्याबरोबर आला. तो शरीराला परवडत नाही.

व्यायामाने ताकद वाढते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात व्यायामाने स्नायू थकतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यांतला ग्लायकोजेनचा साठा संपतो. ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत. रिकामा झालेला साठा भरायला साधारण २४ ते ४८ तास लागतात. स्नायूंच्या दुरुस्तीला त्याहून अधिक. झीज रोज आणि भरपाई अपुरी, असे आठवडेच्या आठवडे चालले की मेहनत वाढते आणि वेग मात्र घटतो.

म्हणूनच दोन-तीन आठवडे सराव वाढवत नेल्यावर एक आठवडा हलका ठेवण्याची पद्धत आहे. त्या आठवड्यात सायकल बंद करायची नसते. एकूण वेळ साधारण निम्म्यावर आणायचा, एखादी छोटी वेगवान फेरी ठेवायची आणि बाकी सायकल गप्पा मारता येतील इतक्या संथपणे चालवायची. ‘कमावलेले जाईल’ ही भीती अनाठायी आहे. सराव पूर्ण थांबवला, तरी दमसास ठळकपणे घटायला दोन-तीन आठवडे जातात.

हे गणित लोट्यासारख्या ठिकाणी अधिक काटेकोरपणे मांडावे लागते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. पाळीत आठ तास उभे राहणे, जिने चढणे, पिंपे हलवणे हाही शरीरावरचा भारच. मोबाइलमधले अॅप तो मोजत नाही. रात्रपाळीनंतर दिवसा लागणारी झोप तोकडी आणि तुटक असते. शिवाय चिपळूणला गेले की परतताना परशुराम घाट चढावाच लागतो. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच चढाला हृदयाचे ठोके अधिक पडतात.

त्यामुळे शहरी प्रशिक्षकाचे ‘तीन आठवडे जोर, चौथा हलका’ हे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर रात्रपाळीचा आठवडा हाच विश्रांतीचा आठवडा धरणे शहाणपणाचे. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत सराव वाढवावा, रात्रपाळीत घाट टाळून सपाटीवर थोडेच फिरावे. रात्रपाळी संपवून थेट महामार्गावर सायकल काढणे तर टाळावेच. झोपेने जड झालेला मेंदू अवजड वाहनांच्या रहदारीत उशिरा सावध होतो.

शरीर सूचना देत असते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी अधिक असेल आणि असे दोन-तीन दिवस चालले, तर सराव कमी करावा. झोप न लागणे, चिडचिड, भूक मंदावणे, सर्दी-खोकला वारंवार होणे याही खुणा आहेत. दोन आठवडे विश्रांती घेऊनही थकवा हटला नाही, तर हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. प्रत्येक थकवा सरावाचा नसतो. छातीत दाब, भोवळ किंवा कडक मेहनतीनंतर कोलासारखी गडद लघवी झाली, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गडद लघवी हे स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आल्याचे लक्षण असू शकते.

शेतकरी जमीन काही काळ पड ठेवतो, तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणत नाही. हौशी सायकलस्वाराने वहीत किलोमीटरच्या रकान्याशेजारी झोपेचे तास आणि सकाळची नाडी असे आणखी दोन रकाने आखावेत. पुढचा आठवडा जोराचा की हलका, हे त्या दोन रकान्यांवरून ठरवावे.