शासकीय खरेदी : सचोटीची पाठशाळा

चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्र महाराष्ट्राला सुपरिचित आहे. रयतेस उपद्रव देऊ नये, हा त्याचा गाभा शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु तेच पत्र आणखी एका दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण बेताने वापरावी, हवे ते बाजारातून पैसे देऊन आणावे, गवताच्या गंजींना आग लागू नये म्हणून दक्षता घ्यावी, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. स्वराज्याचा संस्थापक वैरणीच्या हिशेबात लक्ष घालतो, कारण राज्याची अब्रू राज्याच्या खर्चात असते हे तो जाणतो. कौटिल्यानेही अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवून ठेवले ते याच जाणिवेने.

आज सुशिक्षित मध्यमवर्गाची या विषयाकडे पाहण्याची दृष्टी काय आहे? शासकीय खरेदी म्हणजे टक्केवारी, एवढेच समीकरण त्याच्या मनात पक्के झाले आहे. १९८७ साली बोफोर्स प्रकरण उघडकीस आले, तेव्हापासून एक अख्खी पिढी असल्याच बातम्या वाचत मोठी झाली. हळहळायचे आणि आपल्या मुलांना त्या वाटेला फिरकू द्यायचे नाही, ही रीतच पडली. पण शाळेतील बाके, इस्पितळातील औषधे, जवानांच्या अंगावरचे कपडे कोणीतरी खरेदी करतच असतो. सज्जनांनी मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, हा अनुभव समाजाने पुरेसा घेतला आहे.

यावर एक साधा, अल्पखर्चिक उपाय आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यानुभवाला स्थान मिळाले. केंद्राने २०२४ साली आणलेली प्रशिक्षणार्थी योजना प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांशी जोडलेली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने जावे कोठे? जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय रुग्णालय, विद्यापीठ यांच्या खरेदी व भांडार शाखांची दारे उन्हाळी सुटीत दोन महिने त्याच्यासाठी उघडली पाहिजेत. मार्चअखेरची धावपळ तेव्हा संपलेली असते आणि नुकत्याच पूर्ण झालेल्या खरेदीच्या फायली हाताशी असतात.

तेथे तो काय शिकेल? सर्वप्रथम, हवी असलेली वस्तू नेमक्या शब्दांत सांगणे. निविदेत नुसते ‘टिकाऊ बाक’ असे लिहिले तर सर्वांत स्वस्त, तकलादू बाकच पदरात पडतो. फळीची जाडी आणि नळीचे माप लिहिले तर पुरवठादाराला पळवाट उरत नाही. उलट वर्णन इतके आवळले की ते एकाच कंपनीला लागू पडावे, तर तेथे संशयाला जागा आहे. भाषेचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन उमगेल. तांत्रिक लिफाफा आधी आणि दराचा नंतर का उघडतात, तुलनात्मक तक्ता कसा मांडतात, आलेला माल साठा नोंदवहीत चढविण्यापूर्वी का तपासतात, लेखापरीक्षक आक्षेप कशावर घेतो, हे सारे तो प्रत्यक्ष पाहील. भ्रष्टाचाराविरुद्धच्या शंभर घोषणांपेक्षा हे ज्ञान अधिक धारदार आहे.

स्वदेशीचा विचारही येथेच कसाला लागतो. ऑगस्ट २०१६मध्ये केंद्र शासनाची ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. २०२४-२५मध्ये तिच्यावरील खरेदी पाच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. २०१७च्या आदेशाने देशी उत्पादनांना प्राधान्य मिळाले. केंद्रीय खात्यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावी, असे धोरण आहे. परंतु तालुक्याच्या गावातील बचत गटाला वा लहान कारखानदाराला ही दारे ठोठावायची कशी, हेच ठाऊक नसते. दोन महिने शिकून आलेला विद्यार्थी त्यांचा वाटाड्या होऊ शकतो. अंत्योदय म्हणतात तो याहून निराळा नाही.

आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. निविदेची गुप्तता फुटली तर? म्हणून प्रशिक्षणार्थीला केवळ पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या फायली द्याव्यात. चालू निविदेपासून त्याला दूर ठेवावे. पुरवठादाराच्या नातेवाइकाला प्रवेश नसावा. दुसरा धोका फुकटच्या कारकुनाचा. महाराष्ट्रात २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींनी मुदतीनंतर कायम नोकरीची मागणी केली. तेव्हा हे शिक्षण आहे, भरती नव्हे, ही गोष्ट पहिल्याच दिवशी लेखी सांगितली पाहिजे. शेवटी प्रत्येकाने एका पूर्ण खरेदीवर टिपण लिहावे आणि ते कार्यालयप्रमुखाने वाचावे. तरुण नजरेला दिसलेली त्रुटी कित्येकदा जुन्या नजरेला सवयीने दिसत नाही.

शासनाने योजना जाहीर करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्राचार्य आणि जिल्हाधिकारी यांच्या एका बैठकीत आरंभ होऊ शकतो. विद्यार्थी कार्यकर्त्यांनी ती बैठक घडवून आणावी आणि पालकांनी सुटीतल्या या उद्योगाला नाक मुरडू नये. राष्ट्रभक्ती सीमेवर जशी कसोटीला लागते, तशीच ती साठा नोंदवहीच्या पानावरही लागते. जनतेचा एक रुपया योग्य जागी खर्च करणे हेही राष्ट्रकार्यच होय.