दुआही, दवाही

रात्री ३ वाजता छाती धडधडायची. अम्मी म्हणायची, "नमाज पढ, ठीक होईल." नमाज पढत होतोच, झोप येत नव्हती. इंदापुरात कुणी पाहील, 'पागल' म्हणतील, म्हणून समुपदेशनासाठी बारामतीची एसटी दोनदा सोडली. अब्बांना साखरेच्या आजारासाठी दवाखान्यात नेताना मात्र कधी लाज वाटली नव्हती.

शेवटी १४४१६ लावला. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे : मोफत, चोवीस तास, मराठीतही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो.

मित्रांनो, इमान कमी पडलं म्हणून नैराश्य येत नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर लोकांसाठी थांबू नका. मी तिसरी एसटी पकडली.