आम्ही उडवले नाहीत, नुसते बघितले!



आपल्या बहुतेक घरांत फटाके येत नाहीत. जीव मरतात, नको, असं आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. पण दुसऱ्यांनी उडवलेले फटाके बघायला जायचं का, यावर फारसं कोणी बोलत नाही. आज त्याबद्दल लिहिते.

गेल्या दसऱ्याला आम्ही सहा मैत्रिणी कवठेएकंदला गेलो होतो. तासगाव तालुक्यातलं हे गाव शोभेच्या दारूसाठी प्रसिद्ध आहे. ग्रामदैवत श्री सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि तिच्यापुढे गावातली मंडळं रात्रभर आतषबाजी करतात. सूर्यास्ताच्या आत जेवून, गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही निघालो. देखावा सुंदर होता, खोटं कशाला सांगू? आणि साठीच्या बायकांना घरच्या जबाबदाऱ्या सोडून रात्री असं मोकळं हसायला मिळतं तरी कधी?

परतताना गाडीत एकजण म्हणाली, "आपल्याला कसलं पाप? आपण कुठे उडवले? नुसते बघितले!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते पटलं नाही.

आपल्या जपमाळेत मणी 108 का, ते आठवा. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हा हिशेब आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, झाले 108. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान्यता देणं, तिन्ही एकाच रांगेत आहेत.

मी कॉमर्सची. मला हे व्हाउचरसारखं वाटतं. पैसे कॅशियर देतो, पण खाली मंजुरीची सही असते आणि जबाब सही करणाऱ्यालाही द्यावा लागतो. औट वर गेला की आपण टाळ्या वाजवतो, "अजून एक होऊ दे" म्हणतो. ती आपली सहीच आहे. बघणारं कोणी नसेल तर एवढी दारू कोण उडवेल?

शिवाय दसरा चातुर्मासात येतो. पावसाळा नुकताच सरलेला, दिव्याभोवती पाखरं आणि किडे घोंगावत असतात. याच चार महिन्यांत आपण पालेभाजी टाळतो, पाऊल जपून टाकतो. झाडांवर विसावलेल्या पक्ष्यांनी त्या आवाजात रात्री कुठे जायचं? माणसांचंही बघा. 2015 साली याच गावात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. आपल्याला वर रंग दिसतात, खाली दारू कुटणारे हात दिसत नाहीत.

माझी एक मैत्रीण म्हणते, गल्लोगल्ली उडवण्यापेक्षा एका मैदानात, ठरलेल्या वेळी उडवलेले बरे. बरोबर आहे तिचं. सर्वोच्च न्यायालयानेही 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात सामूहिक आतषबाजीसाठी जागा ठरवण्याचा विचार करायला सांगितलं होतं. जे उडवतात त्यांच्यासाठी ही सुधारणाच आहे. पण जे मुळात उडवतच नाहीत, त्यांनी गाडी करून तिथे जाण्यात कसली सुधारणा?

गावाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. ती त्यांची पिढ्यान् पिढ्यांची भक्ती आणि कारागिरी आहे. तिथे जाऊन उपदेश करणं शोभणार नाही. आपण गृहस्थ आहोत, आपली अणुव्रतं आहेत, महाव्रतं नाहीत, हेही मला ठाऊक आहे. चूल पेटवली तरी हिंसा होते. पण चुलीवाचून घर चालत नाही. आतषबाजी बघितल्यावाचून कोणाचं काय अडतं?

म्हणून माझं मत असं की बेत मोडू नका, ठिकाण बदला. मैत्रिणींची रात्र हवीच. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागिरी येते. सूर्यास्ताआधी जेवण उरकून गच्चीवर सतरंजी टाका. ज्यांचा रात्रीचा त्याग आहे त्यांनी दूध घेऊ नये, गप्पांना आणि भेंड्यांना काही बंदी नाही. चंद्राला ना वर्गणी लागते, ना त्याचा आवाज होतो. पुढे दिवाळीत महावीर स्वामींच्या निर्वाणाच्या पहाटे सगळ्या मिळून मंदिरात निर्वाण लाडू चढवायला जा. संध्याकाळी दिवे लावाल ते काचेच्या आत लावा, म्हणजे पाखरं जळणार नाहीत.

आणि तरीही कोणाला आतषबाजी बघायला जायचंच असेल तर तिने खुशाल जावं, मैत्री तुटणार नाही. फक्त परतताना "आपला काय संबंध" असं म्हणू नये. माळेचे मणी एकदा मोजून बघावेत.