चुंबकाने वाढवलेलं ॲव्हरेज

आमच्या तीन ट्रकांची डिझेलची वही मी 2011 पासून लिहिते. हे स्वतः गाडी चालवायचे तेव्हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. पाठीचं दुखणं सुरू झालं, स्टेअरिंग सुटलं, ड्रायव्हर ठेवावे लागले आणि हिशेब वहीत आला. तारीख, किलोमीटर, लिटर, कुठलं भाडं, काट्याची पावती. जाताना लासलगावचा कांदा वाशीला, येताना भिवंडीहून मिळेल ते. निफाड तालुक्यात असा धंदा घरटी सापडेल, त्यात आमचं विशेष काही नाही. पण ॲव्हरेज वाढवायला बाजारात जी किटं मिळतात, त्यांतल्या बहुतेकांपेक्षा ही वही जास्त डिझेल वाचवते, हे मी आता छातीठोक सांगू शकते.

मोह का होतो, ते आधी सांगते. दहा टायरची गाडी भरली-रिकामी धरून लिटरला चार किलोमीटर देते. महिन्याला सात हजार किलोमीटर चालली तर 1,750 लिटर लागलं. डिझेल नव्वदच्या आसपास. चाराचं नुसतं चार पूर्णांक दोन झालं तरी महिन्याला 83 लिटर, म्हणजे साडेसात हजार रुपये वाचतात. तीन गाड्यांचे मोजा. बँकेच्या हप्त्याला तेवढाच हातभार. आणि समोरचा माणूस तर पाच नाही, पंचवीस टक्के सांगत असतो. त्यामुळे फसणाऱ्याला मी हसत नाही. मीही फसले.

ट्रक टर्मिनसवर एक विक्रेता भेटला होता. डिझेलच्या पाइपला दोन्ही बाजूंनी चुंबकाच्या पट्ट्या बांधायच्या, वरून निळी टेप. चौदा हजार रुपये. पहिल्याच खेपेला गाडीने साडेचार दिलं. आमचे हे म्हणाले, "उरलेल्या दोघींनाही बसवून टाकू." मी म्हटलं, थांबा, मला वही बघू द्या.

वहीत दिसलं ते असं. त्या खेपेला गाडी भिवंडीहून रिकामी आली होती. आमचा रस्ताच असा आहे की कांदा भरून उतरायचं आणि कसारा चढायचा तो रिकाम्या गाडीने. त्याच्या आदल्या खेपेला मात्र येताना खताच्या गोण्या होत्या, म्हणजे भरली गाडी घाट चढली होती. या दोन खेपांची तुलना करणं म्हणजे पेपर सोपा आला म्हणून पोरगं हुशार झालं म्हणणं. शिवाय एकदा टाकी गळ्यापर्यंत भरलेली, एकदा पंपाची बंदूक पहिल्यांदा बंद पडली तिथेच थांबलेले. इथेच पाच-सात लिटर इकडचे तिकडे होतात.

मग मी फक्त कांदा नेऊन रिकाम्या आलेल्या खेपा वेगळ्या काढल्या. चुंबकाआधी चार पूर्णांक तीन, नंतर चार पूर्णांक सहा. वाढ कमी झाली, पण होतीच. आता काय म्हणायचं? गाडी ग्रीसिंगला गेली तेव्हा मिस्त्रीला सांगून पट्ट्या गुपचूप काढून घेतल्या. आमच्या जुन्या ड्रायव्हर मामांना काही सांगितलं नाही. पुढच्या चारही खेपांना चार पूर्णांक सहाच! दोन-अडीच महिन्यांनी हळूहळू पुन्हा मूळ आकड्यावर. चुंबक पाइपला होतं, फरक मामांच्या पायात होता. गाडीवर नजर आहे म्हटल्यावर मामा आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवत होते, ढाब्यावर इंजिन बंद करत होते, उगाच ओव्हरटेक करत नव्हते. खरं सांगितलं तेव्हा मामा जरा गप्प झाले, मग म्हणाले, "वहिनी, आधी सांगायचं ना. मी उगाच जीव काढत होतो."

डिझेल चुंबकाला ओळखतही नाही, आणि धड इंजिनात जवळजवळ सगळं डिझेल जळतंच. न जळालेलं वाचवून पंचवीस टक्के कुठून काढणार? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी शंभरावर उपकरणं तपासली. फायदा दिसला तो मोजक्या काहींचा, आणि तोही किरकोळ.

सगळंच थोतांड आहे असंही नाही. केबिनच्या टपावर बसवतात तो वाऱ्याचा डिफ्लेक्टर खरा आहे, पण त्याला वेग लागतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. अमेरिकेत ट्रक ताशी शंभरच्या पुढे तासन्‌तास धावतात, मागे उंच पेटीसारखा ट्रेलर असतो, म्हणून तिथे खालच्या बाजूच्या झालरींनीसुद्धा डिझेल वाचतं. कसाऱ्यात वीसने चढणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? आमच्या शेजाऱ्यांनी अठरा हजारांचा फायबरचा डिफ्लेक्टर बसवला. तो त्यांच्या डाल्यापेक्षा हातभर उंच! वारा कापायचा सोडून नवी भिंत उभी केली. त्याच गाडीची ताडपत्री मागून सुटून फडफडत असते. ती दोन रस्स्यांनी ताणून बांधली तर फुकटात काम होतं.

टायरचं मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. आपल्याकडे हवा बघायची रीत म्हणजे टॉमीने टायरला ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला हा ठोका नीट लागतच नाही. मी साधा गेज आणला आणि एका सकाळी हातात बॅटरी घेऊन स्वतः वाकून दहाही टायर मोजले. बाहेरचे 110, 112. आतला एक 70! बाहेरचा त्याचं ओझं वाहत होता आणि त्याचे खांदे झिजले होते. आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून पोरं तो सोडून देत होती. मग आतल्या चारही व्हॉल्व्हना बाहेर येणाऱ्या नळ्या बसवल्या. बाजारातून आणून बसवलेली हीच एक वस्तू, जिचे पैसे वसूल झाले असं वही म्हणते. टायर गरम होणं कमी झालं ते वेगळंच. समृद्धीवर उन्हाळ्यात टायर कसे फुटतात हे नाशिककराला सांगायला नको.

ड्रायव्हर लोकांची एक फुकटातली युक्ती असते, उतारावर न्यूट्रल. पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावरच्या अपघातांचा विषय निघाला की न्यूट्रलचा निघतोच. गंमत अशी की आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल जायचं बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक गेला. हे मी आमच्या तिन्ही ड्रायव्हरांना समोर बसवून सांगितलंय.

बीएस-6 गाड्यांना धूर स्वच्छ करायला ॲडब्लू लागतं, शंभर लिटर डिझेलला चार-पाच लिटर. ते वाचवायला सेन्सरला फसवणारी डबी मिळते. ती माझ्या गाडीला लागणार नाही. तो धूर आमच्याच गल्लीत सोडायचा आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. मालकाला दंड, हे ठीक. पण पंचवीस टक्क्यांचा फलक लावून बसलेल्याला कुणी विचारतं का? पुण्यात एआरएआय आहे, 1966 पासूनची. वाहनं तपासणं हेच तिचं काम. टक्का छापायचा असेल तर आधी तिथला कागद दाखव, एवढी सक्ती का नसावी? आम्हाला पीयूसी दाखवावीच लागते की.

यंदापासून मी ड्रायव्हरांना वाचलेल्या डिझेलातला अर्धा वाटा देते. हिशेब वहीवरच, सारख्या खेपांचा. मामांचा पाय पुन्हा हलका झालाय. गेल्या आठवड्यात ते सिन्नरहून समृद्धीने गेले, कसारा टळला. मी म्हटलं, मामा, तिथे ऐंशीने पळवता ती पासष्टवर आणा, फरक वहीत दिसेल. ते म्हणाले, "पासष्टने गेलो तर वाशीला गाडी लागेपर्यंत उजाडेल. मग कांद्याला भाव कोण देणार, तुमची वही?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.