झगडा फेडला, प्रसाद राहिला
स्तंभ : संसार आणि कायदा / माळवेकर

कॅथलिकांत घटस्फोट नसतो, एवढं माळव्यातल्या मराठी घरांना माहीत असतं. पुढचं वाक्य सहसा जरा तोऱ्यात येतं : आपला कायदा बघा किती पुढारलेला! आपला कायदा पुढारला तो 1955 साली. त्याआधीची गोष्ट देवासच्याच राजवाड्यातली आहे. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव पवारांचं लग्न 1908 मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेबांशी झालं. ते टिकलं नाही. अक्कासाहेब माहेरी गेल्या त्या परतल्या नाहीत, पण शास्त्राप्रमाणे झालेलं लग्न मोडायची सोयच नसल्याने कागदोपत्री ते राहिलंच. तुकोजीरावांच्या पदरी सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द हिल ऑफ देवी’मुळे ही कहाणी इंग्लंडात पोचली. आणि तेव्हाच कुणब्यांच्या घरी काडीमोड होत होती, पाट लागत होते. अतूट लग्न हा बड्यांचा दागिना होता.

तेव्हा रोमकडे बोट दाखवण्याआधी नियम नीट समजून घेऊ. चर्चच्या मते स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या दोघांचं वैध आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न मृत्यूखेरीज कोणीच मोडू शकत नाही, पोपसुद्धा नाही. पण कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून कोणाचं कम्युनियन बंद होत नाही. नवऱ्याने टाकलेली, पोटगीसाठी कोर्टात गेलेली, डिक्री हातात घेऊन एकटी राहणारी बाई मिस्सेला जाऊन ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. अडतं ते पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न केलं की. हा फरक कित्येक कॅथलिकांनाही माहीत नसतो. नियमाने आडकाठी नसलेली बाई लाजेने मागच्या बाकावर बसून राहते, आणि तिला पुढे बोलवायला कोणी उठत नाही. मला हे नियमाच्या कडकपणापेक्षा जास्त खुपतं.

दुसरं लग्न केलेल्यांचं काय? पोप दुसऱ्या जॉन पॉलनी 1981 मध्ये उत्तर दिलं : मुलांसाठी एकत्र राहावंच लागत असेल तर राहा, पण भावाबहिणीसारखे, मग प्रसाद घ्या. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘अमोरिस लेतित्सिया’त दार किलकिलं केलं : प्रत्येकाची परिस्थिती, दोषाचं कमीजास्त पारखून काही बाबतीत संस्कारांचीही मदत मिळू शकेल. हे लिहिलं मात्र 351 क्रमांकाच्या तळटीपेत. चार कार्डिनलांनी त्यावर लेखी शंका काढल्या, फ्रान्सिसनी त्यांना थेट उत्तर दिलं नाही. तळटीपेचा आशय मला पटतो, तिची जागा पटत नाही. लाखो संसारांवर परिणाम करणारी गोष्ट पानाच्या तळाशी बारीक टायपात ढकलली की प्रत्येक फादर ती आपल्या चष्म्याने वाचतो.

पण हा वाद मुख्यतः शहरांचा. धारच्या कुक्षी-मनावरकडे किंवा देवासच्या बागली-उदयनगरच्या टेकड्यांत प्रश्न वेगळ्या जागी अडतो. उदयनगर म्हणजे सिस्टर राणी मारिया यांची कर्मभूमी. 1995 च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला, 2017 मध्ये इंदूरला त्यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं. या पट्ट्यातल्या आदिवासींकडे लग्न चर्चच्या वेदीवर सुरूच होत नाही. समजा, भिलाची एक ख्रिस्ती मुलगी मुलाबरोबर निघून गेली. दोन्हीकडचे तडवी (गावप्रमुख) आणि पंच भांजगडीला बसतात, दापा (वधूमूल्य) ठरतो, तो दिला की गावाच्या लेखी लग्न झालं. पटलं नाही आणि ती दुसऱ्याच्या घरी नातऱ्याने गेली, तर नवा नवरा जुन्याला झगडा, म्हणजे भरपाई, भरतो. पैसे मिळाले, तंटा मिटला. मुलं होतात, शेत होतं. पाच-सात वर्षांनी ती मिस्सेला येते तेव्हा कळतं की चर्चच्या वहीत तिचं लग्नच नाही. झगडा फेडला, परमप्रसाद राहिला.

गंमत अशी की चर्चच्या वहीत तिचं पहिलंही लग्न नाही. कॅथलिकाने फादर आणि दोन साक्षीदारांपुढे शपथ घेतली नसेल, त्यासाठी सूटही घेतली नसेल, तर ते लग्न चर्चच्या लेखी झालंच नाही. म्हणजे तोडायलाही काही नाही. कागद तपासून तिचा आताचा संसार वेदीपुढे आणता येतो. तिचा नवरा ख्रिस्ती नसला तरी बिशपच्या परवानगीने येतो. तिचं लग्न मोडल्याचं लोक सांगत राहतात, मोडायला ते आधी लागायला हवं हे तिला कोणी सांगत नाही.

असे गुंते चर्चला नवे नाहीत. 1537 मध्ये पोप तिसऱ्या पॉलने ठरवलं की अनेक बायका असलेल्याने बाप्तिस्म्यानंतर पहिली ठेवावी, आणि पहिली कोणती तेच आठवत नसेल तर कोणतीही एक. 1571 मध्ये पाचवा पायस आणखी सैल झाला : जिने त्याच्याबरोबर स्नानसंस्कार घेतला, तीच ठेवली तरी चालेल. 1585 मध्ये तेराव्या ग्रेगरीने पकडून दूरदेशी नेलेल्या गुलामांना, मागे राहिलेल्या जोडीदाराला न विचारता पुन्हा लग्नाची वाट दिली. या सवलती मिशनच्या मुलखांसाठी निघाल्या आणि 1917 च्या धर्मसंहितेने जगभर लागू केल्या. आजच्या संहितेचं 1116 कलम तर सांगतं की महिनाभर फादर मिळण्याची शक्यता नसेल तर नुसत्या साक्षीदारांपुढेही लग्न लागतं. हे कलम वाचताना मला पावसाळ्यात तुटलेला बागलीकडचा रस्ता दिसतो.

सरकारी बाजू याहून गुंतागुंतीची. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. तोच भिल ख्रिस्ती झाला की 1869 चा घटस्फोट कायदा येतो. त्यात 2001 पर्यंत नवऱ्याला बायकोचा नुसता व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्येच ही विषमता खोडून काढली होती. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्द ठरवलं तरी कायद्याच्या लेखी ते कायम राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 आणि पुन्हा 2017 मध्ये सांगितलं. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या हुकुमामुळे उलट सोय आहे. इकडे बाईला पंच, चर्च आणि जिल्हा न्यायालय अशा तीन चावड्या चढाव्या लागतात, आणि एकीचा निकाल दुसरीला मान्य नसतो.

फ्रान्सिसनी 2015 मध्ये चर्चची लग्न रद्द ठरवण्याची प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या न्यायालयाची सक्तीची मोहर गेली, दोघं राजी आणि पुरावा उघड असेल तर बिशप स्वतः निकाल देतो, खर्च शक्यतो घेऊ नये असंही सांगितलं. तरी अर्ज लिहायचा, साक्षी गोळा करायच्या, कचेरी गाठायची. रोजंदारी बुडवून कोण जाणार? म्हणून माझं म्हणणं साधं आहे : भांजगडीच्या दिवशी गावच्या कॅटेकिस्टने (धर्मशिक्षकाने) तिथेच बसावं. कोणाचं आधी लग्न झालंय, कोणाचा बाप्तिस्मा झालाय, फादरपुढे शपथ झाली होती का, हे सगळं त्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. दाप्याचा आकडा ठरतो त्याच बैठकीत एका कागदावर एवढं लिहून घेतलं, तर पुढची पाच-सात वर्षं ती मुलगी मागच्या बाकावर बसणार नाही. पंचांना त्यात वावगं वाटण्याचं कारण नाही; त्यांना दोन घरांतला तंटा मिटायला हवा असतो, आणि कागद कोणी केला याची त्यांना फिकीर नसते.