खाजनातलं भात : दाणा मोजतात, पेंढा कोण मोजणार?

पेडणे : मिरगाच्या आधी भाताचं बियाणं घेताना शेतकरी दोन गोष्टी विचारतो. पीक किती दिवसांत येतं आणि दाणा किती पडतो. ज्याच्या दावणीला दोन गायी आहेत त्याचा तिसरा प्रश्न असतो, पेंढा कसा? त्याचं उत्तर पिशवीवर छापलेलं नसतं.

चोपडेत, शापोऱ्याच्या काठच्या खाजनांत, हा प्रश्न जास्त टोचतो. खारं पाणी सोसणारा कोरगुट उंच वाढायचा. दाणा कमी, पण पेंढा भरपूर. नंतर जया आली, १९६८ सालची बुटकी जात. दाणा वाढला, पेंढा आखडला. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून 'गोवा धान १' आणि '२' दिले. काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण अशा जातींचा गवगवा होतो तो दाण्यावर आणि खारटपणा सोसण्यावर. गोठ्याचा हिशेब बाजूलाच राहतो.

तो हिशेब लहान नाही. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. पण सगळ्या जातींचा पेंढा सारखा नसतो. हे ज्वारीवाल्यांना कधीच कळलंय. मालदांडीचा कडबा सोलापूरकडे नावाने विकला जातो. हैदराबादच्या कडबा बाजारात शास्त्रज्ञांनी तपासलं, तर ४७ टक्के पचणाऱ्या कडब्यापेक्षा ५२ टक्के पचणाऱ्याला सुमारे पाव पट जास्त भाव मिळत होता. व्यापारी प्रयोगशाळेत जात नाही, नुसता हाताने चाचपतो, तरीही! गाय दिवसाला ६ किलो सुका चारा खात असेल, तर या ५ टक्क्यांचे रोज ३०० ग्रॅम अंगी लागतात, तेही वेगळा खर्च न करता. पुढे ज्वारीच्या नव्या जाती तपासताना कडब्याचा दर्जाही पाहिला जाऊ लागला. भाताच्या बाबतीत आपल्याकडे हेच का होऊ नये?

हिरव्या चाऱ्याचं दुखणं उलटं आहे. तिथे आकडे भरपूर, पण परगावचे. कोईमतूरच्या संकरित नेपियर 'सीओ-४'चं उत्पादन वर्षाला हेक्टरी ४०० टनांच्या आसपास सांगतात. ते बारमाही पाण्यावरचं, आणि त्यात चार हिश्श्यांतले तीन हिस्से पाणीच. आपल्या जांभ्याच्या भरडावर चार महिन्यांत ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि फेब्रुवारीनंतर विहीर तळ गाठते. खाजनात तर नेपियर लावूच नये, मुळात पाणी साचलं की तो कुजतो. राहुरीचा 'फुले जयवंत' की धारवाडचा 'डीएचएन-६', कोणता इथे टिकेल, हे इथल्याच बांधावर लावून ठरेल.

हीच शापोरा वर दोडामार्गात तिळारी म्हणून वाहते. माती तीच, पाऊस तोच. पण तिकडचा सल्ला दापोलीच्या विद्यापीठाचा, इकडचा जुने गोव्याचा. दोघांनी एकच आराखडा धरून सासोली, चोपडे अशा गावांत सरद आणि वायंगण अशा दोन हंगामांत जाती लावल्या, तर निकाल दोन्हीकडे चालेल. गोव्यात दुधाचा मोठा वाटा बाहेरून येतो, त्यामुळे गोवा सरकारला यात रस असायलाच हवा.

तोवर ज्याला नेपियर लावायचाय त्याने एकाच जातीने अख्खं कुणगं भरू नये. तीन जातींच्या दोन-दोन ओळी लावाव्यात, कापणीला ओला भारा तोलावा, त्यातला एक किलो उन्हात कडक वाळवून पुन्हा तोलावा. मग गायीसमोर तिन्ही टाकून बघावं, कोणता आधी संपतो ते.