कर्ण्यापासून पदरापर्यंत

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला नटाजवळ फक्त स्वतःचा गळा होता. पुढची कित्येक दशके सातारा-सांगलीच्या मुलखात आवाजाचा व्यवहार असाच चालला. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या फडात रंगल्या त्या पल्लेदार गळ्यांवर. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव उभे राहिले, तेही माणसाने माणसाला सांगत. ज्याचा गळा मोठा, त्याचे म्हणणे लांब जाई. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी मात्र घराचा उंबरा ओलांडत नसे.

दरम्यान कर्णा आला होता. नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यासमोरच्या माइकवर हे नाव आजही वाचता येते. सभा मोठ्या झाल्या, पण माइक एकच होता. तो ज्याच्या पुढे, तो वक्ता, बाकीचे श्रोते. मुंबईत १९२७ मध्ये नियमित प्रसारण सुरू झाले आणि १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र मिळाले. शेतीची माहिती, भजने, बातम्या घराघरांत पोहोचल्या. त्या केंद्राचे या भागावर मोठे ऋण आहे. तरीही बोलायचे असेल तर माणसाला स्टुडिओपर्यंत जावे लागे. गावाने माइककडे जायचे, अशी ती रीत होती.

ही रीत पालटायला कायदाही बदलावा लागला. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. त्यातून २००८ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ उभी राहिली. दोन्ही तालुके कायमचे दुष्काळी. ज्यांच्याकडे पाण्याचा टँकर उशिरा पोहोचतो, त्यांच्याकडे माइक आधी पोहोचला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

आता पॉडकास्ट आणि थेट प्रक्षेपणाच्या काळात माइक अंगठ्याएवढा झाला आहे. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये घडवलेल्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनमुळे तो इतका लहान आणि स्वस्त होऊ शकला. बोया, रोडे, डीजेआय, हॉलीलँड ही माइकची नावे तालुक्याच्या गावातल्या पोरांनाही पाठ आहेत. बैलगाडा शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हापासून माळावरच्या मोठ्या मैदानांत निवेदकाच्या हातात किंवा कॉलरला वायरलेस माइक दिसतो. तेव्हा तो कसा निवडावा, हा प्रश्न आता गावाचा झाला आहे.

या सगळ्या प्रवासातून एक गोष्ट शिकावी. दर टप्प्यावर माइक बोलणाऱ्याच्या थोडा आणखी जवळ आला. त्यामुळे निवडीची कसोटीही जवळिकीचीच असावी. खोक्यावर दोनशे-अडीचशे मीटरचा पल्ला लिहिलेला असतो. तो मोकळ्या जागेचा, मध्ये काही आड न येता. यातले बहुतेक माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणूनच वाय-फाय आणि ब्लूटूथचीही तिथेच गर्दी असते. शिवाय माणसाच्या अंगातले पाणी या लहरी शोषून घेते. निवेदकाने पाठ फिरवली की आवाज तुटतो तो यामुळे. जत्रेत हजारो मोबाइल असतात, तिथे खोक्यावरचा आकडा कामाचा नाही. तोंडापासून माइकचे अंतर हा खरा कामाचा आकडा. उघड्यावर हे अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. म्हणून माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असावा.

खोलीत समोरासमोर बसून बोलायचे असेल, तर वायरलेसचा हट्ट नको. त्याच पैशात वायरचा माइक जास्त चांगला येतो. वायरलेस हवा तो चालत्या-फिरत्या बोलण्याला: शिवारात, मैदानात, गोठ्यात. तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, वाऱ्यासाठी केसाळ टोपी. चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याने पवनचक्क्या फिरतात. तिथे उघड्या माइकवर वाऱ्याशिवाय काही उमटणार नाही. दोन, माइकच्या आतच ध्वनिमुद्रण होण्याची सोय. लहर तुटली तरी मूळ बोलणे शाबूत राहते. थेट प्रक्षेपणातली तूट तिने भरून निघत नाही, पण मागाहून जपायची प्रत हाती उरते. तीन, आवाजाच्या चढउताराला पुरेल अशी व्यवस्था. कुस्तीच्या मैदानात हलगी एकदम कडाडते आणि आवाज फाटतो. ३२-बिट फ्लोट पद्धतीचे मुद्रण किंवा कमी पातळीवरची दुसरी प्रत अशा वेळी वाचवते. माइकचा पडदाच सहन करू शकत नसेल, तर मात्र कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. हलगीपासून चार पावले लांब जावे. गोंगाट आपोआप काढणारे बटण जपून वापरावे. ते स्वस्त माइकमध्ये वाक्याच्या शेवटचे हळू अक्षरही गिळते, आणि आपल्याकडची म्हातारी माणसे महत्त्वाचे शब्द नेमके हळूच बोलतात.

आता पदराकडे येऊ. या भागातल्या आजीबाईंच्या अंगावर बटणाचा सदरा नसतो, नऊवारी असते. चिमट्याचा माइक चोळीला लावला तर वरून पदर घासत राहतो. लोहचुंबकाचा असेल, तर तो पदराच्या वर, खांद्याच्या जरा खाली, कापडाला धरून ठेवता येतो. पण आधी विचारावे, छातीत पेसमेकर बसवला आहे का? बसवला असेल तर चुंबक लावूच नये. बांगड्यांचा आवाज येतो म्हणून त्या काढायला सांगू नयेत. तिचे हात तिच्या बोलण्याचाच भाग आहेत.

इतक्या बारकाव्यात शिरण्याचे कारण आहे. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. शेणोलीजवळ १९४३ मध्ये पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी अडवणाऱ्या, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने दोघांचेही बोलणे वेळेत चित्रित केले, म्हणून ते आज ऐकता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजारभर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून जात्यावरची बाई उंबरा ओलांडून आपल्यापर्यंत आली. ही कामे माइकच्या किमतीवर झाली नाहीत. कुणीतरी वेळेवर जाऊन जवळ बसले, म्हणून झाली.

सातारा-सांगलीत ती वेळ पुन्हा आली आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्या मुली माण, खटाव, आटपाडी, जतच्या कामांवर खडी फोडत होत्या, त्या आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्याचेच. त्यांचे म्हणणे विधिमंडळाच्या नोंदींत आहे. सुकडी खाऊन उन्हात दगड फोडणाऱ्या बाईचे म्हणणे कुठल्या नोंदीत आहे? शर्यतीच्या धुरळ्यात माइक धरणाऱ्या तरुणांनी वर्षातले चार रविवार या बायकांसाठी काढावेत. माइक तोच, मोबाइलही तोच. फोन विमान मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच रिंग वाजणार नाही. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. मग एक प्रश्न विचारून गप्प बसावे. आणि जे टिपले, त्याची एक प्रत त्याच घरात, तिच्या नातवाच्या हाती देऊन यावे.